चौसष्टचा कंडेन्सर

"अहल्या, विश्वासला मी मारलं."

पद्माकरकाका फोनवर एवढं बोलले आणि थांबले. मग घसा साफ करून त्यांनी सांगितलं की चार वाजता पोलीस जबाबावर सही घेणार आहेत, त्याआधी तुझ्या कानावर घालावं म्हटलं. आणि फोन ठेवून दिला.

अहल्यानं घड्याळ बघितलं. सव्वादहा. समोरची कॉफी तशीच ठेवून ती खाली उतरली आणि पहिली मिळाली ती ऑटो पकडून तिनं के. आर. पुरमला काकांचं घर गाठलं. वाटेत टिन फॅक्टरीच्या चौकात ऑटो वीस मिनिटं एका जागी उभी होती आणि ड्रायव्हर 'स्वल्प अॅडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणत होता. अॅडजस्ट करण्यासारखी वेळ नव्हती, पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

आता ही अहल्या कोण, ते सांगायला हवं. वय बावन्न. घराणं तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं, मराठी बोलतं ते निम्मं कानडीत बुडवून. आणि उद्योग काय, तर जुन्या गिटारी आणि जुने अँप्लिफायर कुठल्या साली बनले ते शोधून काढणं. नातेवाईक हसायचे. पण एखादी गिटार बासष्टची की बहात्तरची यावर लोकांची घरं उभी राहतात आणि बसतातही, म्हणून विमा कंपन्या तिला बोलावतात. लेबलावर, मालकाच्या गोष्टीवर ती विश्वास ठेवत नाही. मागचं झाकण काढते आणि आतल्या भागांवरचे बारीक आकडे वाचते.

हे वाचायला तिला शिकवलं पद्माकरकाकांनी. काका सांगलीचे. इथल्या सरकारी रेडिओ कारखान्यात छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर घरच्या टेबलावर जुने अँप दुरुस्त करत बसले. आता एकोणऐंशी पूर्ण.

आणि विश्वासराव म्हणजे काकांचे पन्नास वर्षांचे मित्र. कँटोन्मेंटच्या हॉटेलांत साठ-सत्तरच्या दशकात गिटार वाजवणारा हा एकुलता एक मराठी गडी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मागच्या आठवड्यात बुधवारी सकाळी साडेदहाला हेब्बाळच्या घरी, नुकत्याच पुसलेल्या लाल फरशीवर अनवाणी पाय टेकून खुर्चीत बसून त्यांनी गिटारच्या तारांवर हात ठेवला आणि अँपमधून आलेल्या विजेनं जागच्या जागी गेले. आज दहावा दिवस.

आणखी एक गोष्ट होती, जी अहल्याच्या मनात दहा दिवस सलत होती. मरणाच्या आदल्या रविवारी अण्णांनी तिला फोन केला होता. गिटार कोरमंगल्याच्या प्राणेशकडून दुरुस्त होऊन आलीय, पण हाताला आपली वाटत नाही, तू येऊन बघ, असं म्हणाले होते. गुरुवारी यायचं ठरलं होतं. ती गुरुवारी गेली, पण तोवर उशीर झाला होता.

काका टेबलाशी बसले होते. टेबल स्वच्छ. सगळी हत्यारं पेटीत भरून पेटीला दोरी बांधलेली.

"नीट सांगा काका. काय काय केलं होतं तुम्ही त्या अँपचं?"

"तीन महिन्यांपूर्वी आणला होता विश्वासनं. जुना कंडेन्सर काढला. तो जुन्या अँपमध्ये विजेची लाइन आणि पत्र्याची पेटी यांच्या मध्ये बसवलेला असतो. तो बिघडला की सगळी पेटी जिवंत होते, आणि पेटीला गिटारच्या तारा जोडलेल्या. वाजवणारा सरळ विजेला चिकटतो."

"काढलात?"

"काढला. मेण गळून पार फुटला होता, म्हणून टाकून दिला. दोन पिनांची कापडी वायर काढून तीन पिनांची घातली, अर्थिंगसकट. जुनी वायर पिशवीत घालून अँपच्या आतच ठेवली. काढलेली वस्तू मालकाची, ती मालकाकडेच जाते."

"मग?"

"मग काय? पोलिसांनी उघडला तर आत जुना कंडेन्सर आणि जुनी दोन पिनांची वायर. माझं काहीच नाही. म्हणजे मी ते केलंच नाही, अहल्या. करायचं मनात आणलं आणि केलं असं समजून परत दिला. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला गेलो होतो, सुनेला विचार." त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "जुनं सगळं आठवतं बघ. विश्वासच्या गिटारची मान हलत होती, त्र्याऐंशी साल होतं. मानेच्या खाचेत बसचं तिकीट घडी घालून कोंबलं होतं मी. मॅजेस्टिकहून आलो होतो. ते आठवतं, आणि तीन महिन्यांपूर्वीचं आठवत नाही."

अहल्यानं त्यांना चार वाजता कुठंही सही करायची नाही असं बजावलं. ते ऐकतील याची तिला खात्री नव्हती. मित्र गेल्याचं दुःख एकीकडे, पण आपल्या हातून गेला, या विचारानं माणूस पार खचला होता. पोलिसांनी शिक्षा द्यायच्या आधीच त्यांनी ती स्वतःला देऊन टाकली होती.

अँप हेब्बाळच्या पोलीस ठाण्यात जप्त होता. उपनिरीक्षक देवाप्पा हे धारवाडकडचे, मराठी समजणारे पण बोलताना हिंदी-कानडीची भेळ करणारे. त्यांना या प्रकरणात फारसा रस नव्हता. जुनं यंत्र, म्हातारा मिस्त्री, राहिलेलं काम, सरी म्हणजे झालं, संपलं. पण अहल्याचं विमा कंपनीचं ओळखपत्र बघून त्यांनी तिला हातमोजे दिले आणि समोर खुर्ची टाकून स्वतःही बसले.

हा अँप कुणा परदेशी कंपनीचा नव्हता. कँटोन्मेंटमधल्या लोबो नावाच्या कारागिरानं हातानं बनवलेला, असे अकराच झाले. अण्णा सगळ्यांना सांगत की हा चौसष्टचा, माझ्या पहिल्या कार्यक्रमाला वडिलांनी घेऊन दिला. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं होतं.

अहल्यानं मागचं झाकण काढलं. आत वीस वर्षांच्या हॉटेलांतल्या सिगारेटींचा धूर बसलेला, सगळ्या पत्र्यावर तपकिरी चिकट थर. काका हा थर कधीच पुसत नसत, कारण पुसताना आकडेही पुसले जातात. जुन्या वायरची पिशवी आत नव्हती.

तिनं व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणामागचा तो डबीसारखा भाग, सोडवून उलटा केला. तळाशी आकडे होते. वर्ष सदुसष्ट, आठवडा नववा. हे तिला नवीन नव्हतं. बारा वर्षांपूर्वी काका आणि ती, दोघांनी मिळून ते वाचलं होतं, आणि अण्णांनी हात जोडून सांगितलं होतं की हे आपल्या तिघांतच राहू द्या. तो पॉट सोडवल्याशिवाय हे आकडे दिसत नाहीत. बाकी कुठल्याही भागावर तारीख नव्हती.

एक सोडून. त्या जीवघेण्या कंडेन्सरवर छापलं होतं: चौसष्ट, अकरावा आठवडा.

तिनं मीटर लावला. कंडेन्सर आतून आरपार जोडलेला. कंडेन्सर कसला, नुसती तारच. मग देवाप्पांच्या परवानगीनं तिनं तो जागेवरून उचलला आणि खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली. देवाप्पाही खुर्चीवरून उठले.

कंडेन्सर बोटाच्या पेराएवढा होता. त्याच्या खाली मात्र अख्ख्या अंगठ्याएवढी पांढरी जागा होती, थर न बसलेली.

"चार वाजता सगळ्यांना अण्णांच्या घरी बोलवता?" तिनं विचारलं. "आणि कोरमंगल्यात दोन माणसं पाठवता येतील?"

पुढं ती हळू आवाजात बरंच बोलली. देवाप्पांनी दोनदा मान हलवली आणि फोन उचलला.

चारला अजून वेळ होता. अहल्या अण्णांच्या घरी गेली. त्यांची मुलगी सुचेता व्हरांड्यात बसली होती, शेजारी भिंतीला टेकवलेली गिटार. जिथं अण्णा बसत तिथं कुणी पाय ठेवत नव्हतं. फरशी दहा दिवस पुसलेली नव्हती.

"अक्का, ती बघितली की मला भीती वाटते," सुचेता म्हणाली. "पण तेराव्याआधी गेलेल्या माणसाची वस्तू घराबाहेर काढायची नाही, आमच्याकडं तसं आहे. प्राणेश तिसऱ्याच दिवशी न्यायला आला होता. मी नाही दिली."

प्राणेशचं कोरमंगल्यात जुन्या वाद्यांचं दुकान. अण्णांची गिटार दुरुस्तीला त्याच्याकडंच दोन महिने होती. अहल्यानं विचारलं, अँपला कुणी हात लावला होता? सुचेता आठवून सांगू लागली. सोमवारी प्राणेश अँप घेऊन गेला, फोटो काढायचे म्हणून. मंगळवारी संध्याकाळी परत आणला. अण्णांना वाकता येत नाही म्हणून प्लगही त्यानंच लावून दिला, खुर्ची जागेवर ठेवून दिली. किती करतो बाई, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"सोमवारी अण्णा त्याला काही बोलले?"

"अहल्या गुरुवारी गिटार बघायला येणार, असं म्हणाले. हसत म्हणाले, ती तुझी परीक्षा घेणार. त्यात काय?"

अहल्यानं भिंतीला टेकवलेल्या गिटारकडं बघितलं.

चार वाजता सगळे जमले. देवाप्पा, हातात टाइप केलेला जबाब. काका, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कारखान्याचा निरोप घ्यायला आलेत. आणि प्राणेश. चाळिशीचा, मृदू बोलणारा, आल्याआल्या अण्णांच्या फोटोला नमस्कार करणारा. त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की वयानं होतं असं, कुणी तुम्हाला दोष देत नाही. काकांनी मान खाली घातली.

अहल्यानं विचारायला सुरुवात केली.

"प्राणेश, अँप दोन दिवस तुझ्याकडं होता. उघडलास?"

"छे, अक्का. एक स्क्रूसुद्धा नाही सोडवला. चौसष्टचा लोबो, आतला कण न् कण मूळचा. उघडला की किंमत जाते."

"मूळचा? काकांनी त्यातला कंडेन्सर काढला होता ना?"

"ते म्हणतात. पोलिसांना तर जुनाच मिळाला."

"जुनाच. बरोबर," अहल्या म्हणाली. मग ती देवाप्पांकडं वळली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण सगळे पुढं सरकून ऐकू लागले.

तिनं आधी पांढऱ्या जागेचं सांगितलं. वीस वर्षं धूर बसला, तेव्हा त्या जागी अंगठ्याएवढी वस्तू होती. तिच्या खाली धूर पोचला नाही. आज तिथं आहे ती वस्तू निम्मीसुद्धा नाही. म्हणजे मूळचा कंडेन्सर कुणीतरी काढला. तो काकांनी काढला. काकांना जे आठवतंय ते खरं आहे. त्यानंतर दुसऱ्याच कुणीतरी हा छोटा, आतून मेलेला तुकडा बसवला, तीन पिनांची वायर काढली आणि पिशवीतली जुनी वायर परत जोडली. अर्थिंग असती तर फ्यूज उडाला असता, माणूस वाचला असता.

काकांनी मान वर केली.

"मारायचंच होतं तर तिथं साधी तार पुरली असती," अहल्या पुढं म्हणाली. "पण या माणसाला साधी तार लावणं जमलंच नाही. काम मूळचं दिसायला हवं, म्हणून त्यानं चौसष्टच्या अँपला चौसष्टचाच कंडेन्सर शोधला. जुन्या वस्तूत चुकीच्या सालाचा भाग घालायला ज्याचा हात धजत नाही, असा माणूस. दुरुस्ती करणारा साठ वर्षांचा कंडेन्सर कशाला शोधेल? तो नवा घालतो."

प्राणेश हसला. म्हणाला, बंगळुरात असे दहा लोक असतील.

"असतील. पण इथं मला एक वचन मोडावं लागतंय." ती सुचेताकडं वळली. "सुचेता, हा अँप चौसष्टचा नाही. सदुसष्टचा आहे. तुझे आजोबा पासष्टला गेले. अण्णांनी पहिल्या कार्यक्रमाला भाड्याचा अँप वापरला होता आणि आजोबा तो ऐकायला आलेच नव्हते. हा त्यांनी नंतर स्वतः घेतला. वडिलांनी दिला असं सांगायला त्यांना आवडायचं. आत साल वाचून आम्हा दोघांना कळलं, तर आमच्याकडून त्यांनी वचन घेतलं."

सुचेताचे डोळे भरून आले.

"काकांना खरं साल माहीत होतं. त्यांनी खोटेपणा केला असता तर सदुसष्टचा तुकडा घातला असता. ज्यानं चौसष्टचा घातला, त्यानं अण्णांच्या गोष्टीवर विश्वास ठेवला. तू आयुष्यभर तारखा जुळवल्यास प्राणेश, आणि हीसुद्धा अचूक जुळवलीस, पण ती एका म्हाताऱ्याच्या मनातल्या सालाशी."

"जुना माल पडून असतो दुकानांत," प्राणेश म्हणाला. आवाज तसाच मऊ होता, पण त्यानं कपाळ पुसलं. "लोबोनंच घातला असेल. आणि मी अण्णांना का मारू? देवासारखे होते मला."

अहल्यानं भिंतीची गिटार उचलून मांडीवर आडवी घेतली, चार स्क्रू सोडवले आणि मान अलगद बाजूला केली. मानेच्या टोकाला पेन्सिलनं लिहिलेली तारीख होती, ऑक्टोबर बासष्ट. अक्षरसुद्धा जुन्या वळणाचं. खाचेत लाकडाची एक पातळ, स्वच्छ पट्टी होती.

"काका, यात तुम्ही काय घातलं होतं?"

"बसचं तिकीट," काका म्हणाले. "मॅजेस्टिकचं."

"इथं नाही. कारण ही अण्णांची गिटार नाही. ही नक्कल आहे. खरी त्यानं विकायला स्वतःकडं ठेवून घेतली. बाहेरचा एकेक ओरखडा जुळवलाय, पण खरीची मान प्राणेशनं कधी सोडवलीच नाही. न उघडलेल्या गिटारीला जास्त भाव येतो, त्याची सवयच तशी. अण्णांच्या हाताला ती परकी लागली. गुरुवारी मी येणार होते. नुसत्या तारखा वाचून मी फसलेही असते, पण शेजारी अण्णा असते, त्यांचा हात फसला नसता. ते गेले की कुणाला कसला संशय येणार? तेराव्यानंतर नक्कलही त्याच्याच दुकानात परत गेली असती."

"पडलं असेल तिकीट," प्राणेश म्हणाला. "चाळीस वर्षांत कागद राहतो का कुठं?"

देवाप्पांचा फोन वाजला. त्यांनी कानडीत दोन वाक्यं ऐकली, मग फोनवर आलेला फोटो बघितला आणि तो सगळ्यांसमोर धरला. दुकानाच्या आतल्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात एक गिटार सापडली होती. सांगितल्याप्रमाणं शिपायांनी तिची मान सोडवली होती. खाचेत चार घड्या घातलेला गुलाबी कागदाचा कपटा होता, मधोमध स्क्रूनं दाबून गोल वण पडलेला.

प्राणेश फोटोकडं बघत राहिला. मग तो म्हणाला, "उघडायला हवी होती." अण्णांचं नावही त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि सुचेताला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. देवाप्पा त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले.

जबाबाचा कागद खुर्चीवर तसाच राहिला होता. काकांनी तो उचलला आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. 'सदर काम माझ्याकडून राहून गेले,' असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, चार पदरी केली. मग हात थांबले.

"दहा दिवस," ते म्हणाले. "दहा दिवस मी त्याला मारलं असं धरून होतो, अहल्या. त्यामुळं रडलोसुद्धा नाही. मारणाऱ्यानं कुठल्या तोंडानं रडायचं?"

आणि मग ते रडले. अण्णांच्या रिकाम्या जागेशेजारी फरशीवर बसून, मोठ्यानं, लहान पोरासारखे. सुचेता उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली. मग तिनं विचारलं की अँप पोलिसांकडून परत मिळाला की नीट करून द्याल ना.

काकांनी डोळे पुसले. तीन पिनांची वायर घालावी लागेल, म्हणाले, आणि अहल्याला पेटीची दोरी सोडायला घरी यायला सांगितलं.